तिऱ्हाइताने जेवू नये

आमच्या शेजारचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मागे सुट्टीला आला तेव्हा तो मला एका नव्या नाण्याविषयी सांगत होता. हे नाणे हातात घेता येत नाही, ते कॉम्प्युटरमध्येच असते, आणि एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे त्याची देवघेव करतात. मी विचारले, "मग आधी कोण देतो? नाणेवाला की पैसेवाला?" तो म्हणाला, "तिसरा एक असतो, काका. नाणे त्याच्याकडे ठेवायचे. दोघांनी होकार दिला की तो सोडतो. त्याला एस्क्रो म्हणतात." आणि मला समजले नसेल असे वाटून त्याने ते पुन्हा एकदा सावकाश सांगितले.

मला चांगले समजले होते. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, माझी सगळी नोकरी तेच करण्यात गेली. फक्त आमच्याकडे नाण्याऐवजी चांदी होती, आणि त्या तिसऱ्याला आम्ही तिऱ्हाईत म्हणत होतो.

माझे गाव शिरोळ तालुक्यात. वडील साखर कारखान्यात गव्हाणीवर होते, म्हणजे ऊस जिथे यंत्रात पडतो तिथे. त्यांना सही येत नव्हती. मी जयसिंगपूरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालो. आमच्या घराण्यातला पहिलाच. कॉलेजात आम्हाला प्रॅक्टिकल शिकवणारे एक सर होते. काचेच्या नळीतले माप वाचताना ते मागून येऊन आमची मान हाताने खाली दाबायचे. "डोळा पाण्याच्या पातळीला आण. वरून बघितलंस तरी चुकशील, खालून बघितलंस तरी चुकशील." त्या दाबलेल्या मानेवर मी पुढे संसार केला. ते सर आज नाहीत, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी गुजरीतल्या एका टंचाच्या दुकानात लागलो. मालकांना सगळे तात्या म्हणत, आणि बीएस्सी म्हणून मला सर. टंच म्हणजे शंभर भागांत खरी चांदी किती, ते काढणे. चांदीचा थोडा कीस घ्यायचा, नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायचा. तांबूस धूर निघतो आणि चांदी विरघळते. मग मिठाचे पाणी थेंबाथेंबाने सोडायचे. दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. सगळी चांदी खाली बसायला मिठाचे पाणी किती लागले, त्यावरून हिशेब. पण काही गोष्टी हिशेबाआधीच दिसतात. शुद्ध चांदी विरघळली तर ॲसिड पाण्यासारखे निवळ राहते. तांबे असेल तर निळे होते.

हे झाले शास्त्र. दुकानाची खरी मिळकत वेगळ्या कामावर होती. हुपरीचे कारागीर पैंजण करतात, ते देशभर जातात. घेणारा व्यापारी पुष्कळदा परमुलखातला, अनोळखी. तो पैंजणांच्या बदल्यात शुद्ध चांदीच्या विटा देणार, वर मजुरी. आता आधी कोणी द्यायचे? कारागिराने पैंजण दिले आणि वीट खोटी निघाली तर तो बुडाला. व्यापाऱ्याने वीट दिली आणि पैंजणांत चांदी कमी निघाली तर तो बुडाला. म्हणून दोघे आपापला माल घेऊन तात्यांकडे यायचे. दोन्ही माल तपासायचे, लाल खारव्याच्या कापडात वेगवेगळे बांधायचे, गाठीवर लाखेचा शिक्का मारून तिजोरीत ठेवायचे. मग दोघांनी "सोडा" म्हटले की याची गाठोडी त्याला, त्याची याला.

तात्यांचे नियम थोडे होते, पण लोखंडी होते. "सोडा" स्वतःच्या तोंडाने, स्वतः येऊन म्हणायचे. चिठ्ठी चालणार नाही, फोन चालणार नाही. दुसरा नियम, प्रत्येकाला एकेकटे विचारायचे, मागच्या खोलीत, जिथे ॲसिडचा धूर ओढणारा पंखा घरघरत असे. तात्या म्हणायचे, "शेजारी शेजारी बसलेली माणसं खरं बोलत न्हाईत, भिडेत बोलत्यात." आणि तिसरा नियम माझ्यासाठी होता. मी कामाला लागलो त्याच दिवशी त्यांनी सांगितले, "गिऱ्हाइकाच्या घरी जेवायचं न्हाई. लग्न असू दे, बारसं असू दे. चहा दुकानात, तो बी आपल्या पैशाचा."

मला वाटले, हे जरा जास्तच होते.

फोनचा नियमही मला सुरुवातीला जास्तच वाटायचा. बिद्रीकडचे रामभाऊ म्हणून एक कारागीर होते. त्यांचा माल आमच्याकडे बांधलेला, व्यापारी बाकावर बसलेला, आणि रामभाऊंचा फोन. "सर, मला कावीळ झालीया. अंथरुणात हाय. सोडा माल." आवाज त्यांचाच होता. मी म्हणालो, "रामभाऊ, नियम आहे." पलीकडून जे ऐकले ते इथे लिहिण्यासारखे नाही. दुपारी गुजरीत एक जीप येऊन थांबली. मागच्या बाकावर घोंगड्यात गुंडाळलेले रामभाऊ, हळदीसारखे पिवळे. चौघांनी धरून त्यांना आणावे लागले. मागच्या खोलीत मी रीतीप्रमाणे विचारले, "सोडू?"

"सोड," ते म्हणाले, "आणि मी मेलो तर माझ्या तेराव्याला बी तू स्वतः ये, चिठ्ठी धाडू नगंस."

सगळी गुजरी हसली. मी घरी जाऊन जेवलो नाही. एका आजारी माणसाला मी उगाच हलवले होते. तात्यांना म्हणालो तर ते म्हणाले, "फोनवर एकदा सोडलास की पुढच्या खेपेला आवाज काढणारा येतोय." ते पटले, पण रामभाऊंचा पिवळा चेहरा डोळ्यांपुढून गेला नाही. नियम पाळणाऱ्याला असे चेहरे सांभाळावे लागतात.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती त्यानंतर बऱ्याच वर्षांची. दोन हजार साल उलटून गेले होते. तात्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, पट्टी बांधून ते घरी होते. दुकानात मी एकटा.

हुपरीचे बसवंतअण्णा आले. लिंगायत, सज्जन, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांच्याबरोबर एक पाहुणा होता. स्वच्छ पांढरा शर्ट, चकाकणारे बूट. नाव शिवानंद सांगितले, गाव सीमेपलीकडचे. अर्धे मराठी, अर्धे कानडी बोलत होता आणि अण्णांच्या बायकोचा उल्लेख "अक्का" असा करत होता.

अण्णांनी पोते ठेवले. पैंजणांनी भरलेले. ते ठेवताना म्हणाले, "सर, ह्यातलं माझं थोडंच हाय. सगळ्या गल्लीचं काम हाय. सहा घरांची चांदी." हे ऐकून मी पोत्याकडे पुन्हा पाहिले. हुपरीत असे चालते. मोठी मागणी आली की शेजारपाजारची घरे आपापली चांदी घालतात आणि एकाला पुढे करतात. ते पोते बुडाले असते तर अण्णांचे घर बुडाले असते, आणि वर गल्लीतल्या पाच घरांपुढे त्यांना तोंड दाखवता आले नसते.

शिवानंदने तीन विटा काढल्या. देखण्या, पांढऱ्याशुभ्र.

"खरं तर हिकडं यायची गरजच नव्हती," तो हसत म्हणाला. "घरच्या घरी झालं असतं. पण अक्का ऐकेना."

अण्णा ओशाळून म्हणाले, "गंगा म्हणाली, घरातल्या चांदीचं काय बी करा, ही गल्लीची हाय, गुजरीत जावा. बायकांचं काय सांगायचं, पावणं."

मी पैंजणांचा टंच काढला, बरोबर होता. ते खारव्यात बांधून, शिक्का मारून तिजोरीत ठेवले. विटांचा कोपरा कातरून प्रत्येकीचा कीस घेतला. रीत तीच आहे, कोपऱ्यातून घ्यायचे. वीट मध्ये फोडली तर ती पुन्हा ओतावी लागते. आणि विटेचे पोट फोडणे म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणे. तिन्ही कोपरे निवळ निघाले. शुद्ध चांदी.

"झालं न्हवं?" शिवानंद उठून उभा राहिला. "गाडी थांबलीय. अंधार पडायच्या आत घाट उतरायचा हाय."

सगळे ठीक होते आणि मला ठीक वाटत नव्हते. का, ते मिनिटभर कळेना. मग कळले. पैंजणांचा टंच मी मोठ्याने सांगितला तेव्हा या माणसाने मान वर करून पाहिलेसुद्धा नव्हते. पोत्यात हात घातला नव्हता, एक जोड उचलून वाजवला नव्हता. एवढा माल विकत घेणारा माणूस घ्यायच्या मालाकडे बघत नाही, आणि त्याची नजर सारखी माझ्या हातातल्या त्याच्याच विटांवर. घेणारा असा नसतो.

पण ही काही शास्त्राची गोष्ट नव्हे. नळीत मोजता येत नाही. चुकलो असतो तर तात्यांनी आयुष्यभर जमवलेले दुकानाचे नाव संध्याकाळपर्यंत गुजरीभर बदनाम झाले असते.

मी म्हणालो, "एक वीट मध्ये फोडून बघावी म्हणतो."

अण्णांचा चेहरा पडला. "सर, काय बोलताय? पावणं जेवलंय माझ्या घरात. एकदा न्हवं, दोन खेपा. आधी दोनदा माल नेलाय, रोख दिलंय."

शिवानंद मात्र शांत होता. "फोडू द्या की, अण्णा. शिकलेला माणूस हाय, शंका येणारच." आणि त्याने स्वतः एक वीट माझ्यापुढे सरकवली.

मी छिन्नी लावली. हातोड्याचे घाव घातले. पोट उघडे पडले, आतून कीस काढला, ॲसिडमध्ये टाकला. आम्ही तिघेही काचेच्या भांड्याकडे बघत होतो. धूर निघाला, विरला. खाली पाणी. निवळ, अगदी आडातल्या पाण्यासारखे.

मग अण्णा म्हणाले, "झालं समाधान? बास आता. सोडा, सर."

"सोडा," शिवानंद म्हणाला.

दोन्ही "सोडा" आले होते. मी हातोडा खाली ठेवला. नियमाने मला आता माल द्यायला हवा होता. आणि तेव्हा तात्यांचा दुसरा नियम आठवला. हे शेजारी शेजारी बसून म्हटलेले होते.

"अण्णा, रीत म्हणून जरा आत या."

मागच्या खोलीत पंखा घरघरत होता. बाहेर ऐकू जाण्याची भीती नव्हती. मी विचारले, "अण्णा, सोडू?"

"मगाशी म्हटलं की."

"मगाशी ते शेजारी होते."

ते भिंतीकडे बघत राहिले. मोठ्या आवाजाचा तो माणूस इतका हळू बोलला की मला जवळ सरकावे लागले. "सर, काल रात्री मला झोप न्हाई. एकदम एवढा माल मागितलाय. गंगा बी सारखी तेच म्हणतीया. पण त्याला माझ्या आईनं स्वतःच्या हातानं खपली गव्हाची खीर वाढलीया. आता मी कोणच्या तोंडानं म्हणू, दुसरी वीट फोडा म्हणून? पहिली तर खरी निघाली."

बघा, हा माणूस मूर्ख नव्हता. त्याला संशय आलेला होता. फसवणाऱ्याने पक्के हेरले होते की आमच्या भागात एकदा माणूस ताटावर बसला की त्याच्यावर संशय घेणे हेच पाप. त्याने अण्णांना लोभ दाखवला नव्हता. तो फक्त जेवला होता. जेवून त्याने अण्णांचे तोंड बंद केले होते.

मी म्हणालो, "तुम्ही म्हणूच नका. मी म्हणतो. तुम्ही बाहेर जाऊन मला शिव्या द्या."

"आं?"

"माझ्यावर चिडा. सगळा वाईटपणा माझ्यावर घाला. दुसरी वीट मी फोडतोय, तुम्ही नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितले, डोळे पुसले, आणि बाहेर गेले. मला वाटले होते दोन शब्द बोलतील. पण त्यांनी रात्रभराची सगळी भीती बाहेर काढली. "पावणं, ह्या माणसाला माणुसकी म्हणून न्हाई बघा. चार बुकं शिकला म्हणजे काय देव झाला काय? परत हितं पाय ठेवला तर नावाचा बसवंत न्हाई." शेजारच्या दुकानातली माणसे डोकावायला लागली. त्या गोंधळात मी मधली वीट ओढली आणि छिन्नी लावली.

पहिल्या घावालाच शिवानंद हसायचा थांबला. "मी जरा गाडीवाल्याला सांगून येतो," तो म्हणाला आणि गादीवरून उतरून रस्त्यावर गेला.

मी ओढून थांबवले नाही. पोलीस नव्हतो मी, आणि अजून हातात पुरावाही नव्हता. वीट फुटली. वरून पांढरी, आत नुसती तांबूस झाक. कीस ॲसिडमध्ये पडला.

अण्णा दाराकडे बघत होते. "येतोय तो. बूट हायत की हितं."

खरेच होते. गादीवर यायचे म्हणून त्याने उंबऱ्याजवळ काढलेले बूट तिथेच होते, जोडीने, चकाकत.

भांड्यात धूर विरला. खालचे पाणी निळे होत गेले, आधी फिक्कट, मग शाईसारखे गडद.

"बूट हायत," अण्णा पुन्हा म्हणाले. त्यांनी भांड्याकडे बघितलेच नाही. भर उन्हात, डांबरी रस्त्यावरून, तो माणूस अनवाणी गेला होता आणि परत आला नाही.

विटा मी चौकीत जमा केल्या. पुढे माझ्या माहितीत तरी तो सापडला नाही. तिसऱ्या विटेचे पोटही तांब्याचे होते. पहिली तेवढी अस्सल होती, फोडायला पुढे सरकवण्यासाठी आणलेली.

पण एक अडचण राहिली. तिजोरीतले पैंजणांचे गाठोडे. नियमाप्रमाणे दोघांच्या "सोडा"शिवाय ते हलवायचे नाही, आणि दुसरा माणूस पळालेला. मी हात लावेना. शेवटी तात्या डोळ्यावर पट्टी बांधून रिक्षातून आले. सगळे ऐकले. उघड्या डोळ्याने उंबऱ्याजवळच्या बुटांकडे बघितले.

"हे काय म्हणत्यात?" त्यांनी विचारले.

मला समजेना.

"मालक ह्यांना हितं टाकून पळाला. ह्याच्यापेक्षा मोठ्यानं कोण ‘सोडा’ म्हणणार? दे त्यांचं गाठोडं."

अण्णांनी गाठोडे उराशी धरले. माझे आभार मानले नाहीत. मला त्याचे वाईट वाटले नाही. ते एवढेच म्हणाले, "आईला काय सांगू? तिनं त्याला दोनदा वाढलं." आणि गेले.

पुष्कळ महिने ते आले नाहीत. मला वाटले, गिऱ्हाईक तुटले. ज्याने आपली फजिती पाहिली त्याच्याकडे कोण परत येतो? मग एक दिवस ते आले, बरोबर लांबचा एक व्यापारी. उंबऱ्यावरूनच त्यांचा आवाज आला.

"या पावणं, बसा. हे आमचं सर. लई वाईट माणूस हाय. माझा तुमच्यावर पुरा विश्वास हाय, काय? पण हे ऐकायचं न्हाईत. कोपरा न्हाई, पोट फोडत्यात. मी लई भांडलोय ह्यांच्याशी, काय उपयोग न्हाई."

तो व्यापारी भला माणूस होता. हसून म्हणाला, "फोडू द्या." मी छिन्नी उचलली. सगळ्या विटा चोख निघाल्या. त्यानंतर अण्णांनी प्रत्येक खेपेला माझी अशीच ओळख करून दिली, आणि त्यांचे बघून हुपरीतले आणखी काही जण देऊ लागले. गुजरीत माझे नाव झाले ते असे. अनोळखी दोन माणसांना एकमेकांवर संशय घ्यायची लाज वाटते. ती लाज वाटू नये म्हणून तिसरा लागतो. टंचाचे आम्ही पैसे घेत होतो, पण वाईटपणा घेणे हेच खरे काम होते.

त्यापायी माणसांतले जाणे-येणे मात्र तुटले. किती लग्नांच्या पत्रिका आल्या, मी गेलो नाही. अण्णांच्या मुलीच्या लग्नालाही नाही. आहेर पाठवून दिला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही येऊच नगा. एकदा जेवलासा की तुम्ही आमचं झाला. मग तिऱ्हाईत म्हणून कुणाकडं जायचं?"

पुढे टंच काढणारी मशीन आली. माल खाली ठेवला की पडद्यावर आकडा. ॲसिड नाही, धूर नाही. तात्या गेले, त्यांच्या मुलांनी मशीन घेतले, आणि मी काम सोडले. शेवटच्या दिवशी मी माझ्या नळ्या धुऊन कापडात गुंडाळत होतो, तेव्हा अण्णा जीप घेऊन दारात उभे. त्यांना कुणी सांगितले, माहीत नाही.

"आता तिऱ्हाईत न्हाईसा," ते म्हणाले. "चला."

हुपरीला त्यांच्या घरी पाट मांडलेला होता. अण्णांची आई तोवर गेली होती. गंगाक्कांनी ताट वाढले. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. जिच्या हट्टामुळे ते पोते गुजरीत आले, ती ही बाई. त्यांनी वाटीत खपली गव्हाची खीर घातली, वर तूप सोडले. मी हात जोडले आणि चमचा उचलला, पण घास पुढे जाईना. इतक्या वर्षांची सवय.

गंगाक्का पदर सावरत समोर उभ्या होत्या. माझ्याकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "बघताय काय, सर? कडेची खाऊन फसू नगा. मधनं फोडा."